खुणांची वही आणि एकतीस जानेवारी

सोमवार, दिनांक ६ फेब्रुवारी १९५६. वेळ सकाळी साडेनऊ. रक्कम चारशे बारा रुपये आठ आणे. हजर: मी, कॅशिअर वागळे आणि खातेदार सरस्वती ऊर्फ सरूबाई परब. शिपाई गणपत गैरहजर, कारण तो पोलिसांच्या ताब्यात होता.

ही नोंद माझ्या खासगी डायरीतली आहे. पेढीच्या दफ्तरात त्या दिवसापुढे पाचच शब्द आहेत, तेही माझ्याच अक्षरात: 'खाते बंद. रक्कम दिली नाही.' संपादकांनी मला नोकरीतले अनुभव लिहायला सांगितले तेव्हा त्यांना गमतीजमती हव्या असणार. त्याही आहेत, सांगतो. पण डायरी उघडली की ती पहिल्यांदा याच पानावर उघडते.

लालबागच्या एका चाळीच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांत, आमची पतपेढी होती. मी तिचा पगारी चिटणीस. गिरगावातून ट्रामने यायचो, सकाळी सात वाजता दार उघडायचो. सभासद बहुतेक गिरणीतले: कोकणातून आलेले, वरळीच्या नि नायगावच्या चाळींत राहणारे, थोडे भायखळ्याचे. पंचावन्न सालच्या अखेरीस सभासद सहाशे चाळीस. त्यांतल्या दोनशे अकरा जणांना सही करता येत नव्हती.

बाहेरच्या माणसाला वाटते, सही नसेल तर अंगठा आहे. अंगठ्यासारखी पक्की ओळख नाही, असे पुस्तकात लिहिलेले असते. पुस्तक लिहिणाऱ्याने गिरणीच्या रिंग खात्यात, सूत कातायच्या विभागात, काम केलेले नसते. तुटलेला धागा दिवसभर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत वळून जोडायचा. दहा-पंधरा वर्षांत अंगठ्यावरच्या रेषा झिजून जातात. शाई लावून दाबला की कागदावर काळा डाग उमटतो, रेघ एकही नाही. माझ्या दफ्तरात असे डाग शेकड्यांनी होते आणि ते सगळे एकमेकांसारखे होते. सभासद दीडशे होते तोवर तोंडओळखीवर भागले. चारशे झाले तेव्हा नाही भागले.

म्हणून त्रेपन्न साली मी खुणांची वही काढली. सही न येणाऱ्या सभासदाने माझ्या कानात एक शब्द सांगायचा. मी तो वहीत त्याच्या नावापुढे लिहायचा आणि वही तिजोरीत ठेवायची. पैसे काढताना शब्द जुळला पाहिजे. वही मी सोडून कोणी उघडायची नाही.

पहिल्याच वर्षी घोटाळा झाला. माग चालवणाऱ्या एका साचेवाल्याच्या खात्यातून साठ रुपये गेले. तो पासबुक घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मास्तर, कुणी नेले माझे पैसे?" लिहितावाचता येणाऱ्याला तिथे मास्तरच म्हणत.

"खूण सांगून नेले."

"माझी खूण कुणाला ठाऊक?"

त्याची खूण होती त्याच्या गावदेवीचे नाव. तो राहायचा गावकीच्या खोलीत, एका गावचे बावीस जण एका खोलीत. वही काढून पाहिले तर बावीसपैकी एकोणीस जण आमचे सभासद आणि एकोणिसांची खूण तीच देवी. ज्याने पैसे नेले तो एव्हाना गावी पोचला होता, बहुधा देवीच्या पाया पडत होता. साठ रुपये पेढीने भरून दिले. पेढीच्या समितीने मला काही म्हटले नाही, पण मला झोंबले.

मग मी नियम केले. एकूण अकरा. देवाचे, गावाचे, बायकोचे नाव चालणार नाही. खूण कोणालाही सांगायची नाही, घरच्यांनाही नाही. तीनदा चुकली तर आठ दिवस पैसे मिळणार नाहीत. आणि सातवा नियम, जो मला सगळ्यांत हुशारीचा वाटत असे: एक खूण एकच वर्ष. दर जानेवारीत नवी द्यायची. एकतीस तारखेपर्यंत नवी दिली नाही, तर खात्यावर लाल शाईत 'बंद' असा शिक्का. ते उघडायचे तर समितीच्या बैठकीत ठराव हवा. खूण वर्षभर वापरली की ती हळूहळू शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कानावर जाते, तेव्हा तिला मुदत हवीच, असा माझा हिशेब. तो चूक होता असे मी आजही म्हणत नाही.

गमती याच वहीच्या. एक साचेवाला आपल्या मुकादमाला मनातल्या मनात जी शिवी देत असे तीच त्याने खूण म्हणून ठेवली. मला ती माझ्या वळणदार अक्षरात लिहावी लागली. पुढच्या जानेवारीत मी म्हटले, आता बदला.

"मुकादम बदलला नाही मास्तर, खूण कशी बदलू?"

परळचे एक म्हातारे ठार बहिरे. बहिरा माणूस कुजबुजत नाही, त्याला आपला आवाज कळत नाही. त्यांनी खूण सांगितली की पेढीतल्या रांगेला ती कळे आणि मी म्हणे, दुसरी द्या. चौथ्या वेळी मी त्यांना तिजोरीच्या खोलीत नेले, दार लावले. तिथूनही वागळेने बाहेर खूण ऐकली. शेवटी ठरले की म्हाताऱ्यांनी उजव्या हाताची किती बोटे वर करायची आणि कोणत्या क्रमाने. ती खूण कोणालाच चोरता आली नाही, कारण ती त्यांनाही दर वेळी आठवत नसे.

तीन वर्षांत पुन्हा एका पैचीही अफरातफर झाली नाही. अकरावा नियम असा होता की अपवादात्मक परिस्थितीत चिटणीसाने आपल्या अधिकारात तीस दिवसांपर्यंत मुदत वाढवावी आणि वहीच्या शेवटच्या रकान्यात कारण लिहून सही करावी. रकान्याचे नाव 'सवलत'. तो तीन वर्षे कोरा होता. वार्षिक तपासणीला येणारे हिशेबनीस वही चाळून म्हणत, "स्वच्छ आहे." मला तो रकाना दाखवायला आवडायचे.

खुणा बदलायची वेळ आली की गणपत चाळीचाळीतून फिरायचा. जिन्याच्या तोंडाशी उभा राहून ओरडायचा, "पेढीची खूण बदला! एकतीसच्या आत! संध्याकाळी सहा ते आठ!" बायका वरून विचारत, "गणपत, मागली खूण इसारलंय, तर?" तो म्हणे, "मग मास्तरांचे पाय धरा." जानेवारीचे शेवटचे पंधरा दिवस त्याचा घसा बसलेला असे.

छप्पनचा जानेवारी कसा गेला, हे त्या भागातल्या माणसाला सांगायला नको. मुंबई महाराष्ट्राला नाही, असे जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या रस्त्यांवर दगड, अश्रुधूर, गोळ्या आणि संचारबंदी. पेढी सहा दिवस उघडलीच नाही. उघडली तेव्हा समितीतल्या पाचांपैकी तिघे तुरुंगात होते आणि गणपतलाही त्याच्या गल्लीतून उचलले होते. मुंबई महाराष्ट्राला मिळावी या त्यांच्याच मताचा मीही होतो, मोर्चातही गेलो होतो. पण माझ्यासमोर कॅलेंडर होते आणि एकतीस तारीख जवळ येत होती. संध्याकाळी अजून संचारबंदी. मी वेळ बदलून सकाळी सात ते नऊ केली. आणि सभासदांना ते कळावे म्हणून एका मोठ्या कागदावर, बोरूने, ठळक अक्षरांत सूचना लिहून पेढीच्या दारावर चिकटवली.

वाचकांच्या ध्यानात आले असेल. माझ्या आले नाही. ज्यांना वाचता येत नाही म्हणून ती वही होती, त्यांच्यासाठी मी कागद चिकटवला.

एकतीस तारखेपर्यंत दोनशे अकरापैकी एकशे अडुसष्ट जण आले. एकाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला. राहिले त्रेचाळीस. एक फेब्रुवारीला मी सकाळी बसून त्रेचाळीस शिक्के मारले. वागळे म्हणाला, "मास्तर, यंदा जरा थांबू या का?" मी म्हटले, "एकशे अडुसष्ट आले ना?"

आणि सहा तारखेला सरूबाई आल्या.

सरूबाई विधवा. वय पंचेचाळीसच्या आसपास. मालवणकडच्या. आधी रिंग खात्यात होत्या, नंतर खानावळ चालवू लागल्या. दोन गल्ल्यांपलीकडच्या चाळीत एका म्हाताऱ्या गाववाल्याच्या खोलीत त्या भाड्याने राहत आणि चौदा गिरणीवाल्यांना दोन वेळचे जेवण घालत. महिना माणशी वीस रुपये. त्यातून उरेल तो रुपया-दोन रुपये दर शनिवारी पेढीत.

"मास्तरांनू, सगळे काढूचे आसत," त्या म्हणाल्या.

मी वही काढली. त्यांनी टेबलावरून वाकून माझ्या कानात शब्द सांगितला. तो काय होता ते मी आजही लिहिणार नाही. शब्द बरोबर होता.

"खूण बरोबर आहे," मी म्हटले, "पण मुदत संपली. एकतीसपर्यंत नवी द्यायची होती."

"गणपत सांगूक इलोच नाय."

"गणपत आत आहे. मी दारावर सूचना लावली होती ना. बारा दिवस आहे तिथे."

त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिले. कागद अजून होता.

"ह्यो? मी दोनदा ह्या दारावरसून गेलंय. माका वाटला संपाबिंपाचा कायतरी आसतला." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मास्तरांनू, माका वाचूक येयत असता, तर तुमच्या कानाक कित्याक लागलंय असतंय?"

वागळे हसला. मीही हसलो. मला ते त्या वेळी चांगले उत्तर वाटले, एवढेच.

मग त्यांनी सांगितले. म्हातारा गाववाला मुंबई सोडून कायमचा गावी चालला होता. दहा तारखेला बोट. जाण्याआधी खोली देऊन टाकणार होता, पागडी चारशे. एक किराणा दुकानदार गोदामासाठी ती मागत होता. म्हाताऱ्याने सरूबाईंना शब्द दिला होता, पण दहा तारखेपर्यंतच. खोली मिळाली तर खानावळ त्यांची स्वतःची. नाही मिळाली तर खानावळही गेली आणि राहती जागाही. मग गावी भावाच्या घरी.

"समितीपुढे ठेवतो," मी म्हटले. "रविवारी बैठक आहे. बारा तारखेला."

"बारा? आणि दहाक मी काय करू?"

वागळे खालच्या आवाजात म्हणाला, "मास्तर, अकरावा नियम."

मी त्याला म्हटले, आणि सरूबाईंना ऐकू जाईल असे म्हटले, "एकीला दिली तर त्रेचाळिसांना द्यावी लागेल."

आज मला प्रश्न पडतो की मग काय झाले असते. त्रेचाळीस ओळी, त्रेचाळीस सह्या. अर्ध्या तासाचे काम. पण त्या क्षणी मला कोरा रकाना दिसत होता. मी स्वतःला सांगत होतो की मी सभासदांच्या पैशांची राखण करतो आहे, आणि तेही खोटे नव्हते. समोर बाई उभी होती, तिला मी सहा वर्षे ओळखत होतो, तिची खूण बरोबर होती. राखण कोणापासून करत होतो?

सरूबाईंनी पासबुक पदरात बांधले आणि त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी हे बायकोला सांगितले. मला वाटते, तिने माझी बाजू घ्यावी म्हणून सांगितले.

"तुमच्या स्वतःच्या पासबुकात किती आहेत हो?" तिने विचारले.

"सहाशे तीस."

"मग?"

"कर्मचाऱ्याने खातेदाराला उसने द्यायचे नाहीत. नियम आहे."

"तोही तुम्हीच लिहिलात?"

"हो."

तिने कपबशी उचलली आणि आत गेली. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली ते भाजी आणण्यापुरते.

शुक्रवारी, दहा तारखेला, पेढी बंद करून मी सरूबाईंच्या चाळीत गेलो. पैसे घेऊन गेलो असतो तर ही हकिगत वेगळी लिहिली असती. नुसता बघायला गेलो. व्यवहार दुपारीच झाला होता. खोलीत मिरच्यांची पोती चढवणे चालू होते आणि हमाल शिंकत होते. सरूबाई बाहेर गॅलरीत चौदा थाळ्या एकीत एक घालून गोणपाटात बांधत होत्या. मला पाहून त्या उठल्या.

"मास्तरांनू, जेवलात?"

"हो," मी म्हटले. जेवलो नव्हतो.

"आज शेवटचा जेवाण केला. थोडा भात उरलाहा, म्हणान इचारलंय."

शेजारणीकडे पंधरा-वीस दिवस काढून, महिनाअखेरीच्या बोटीने त्या गेल्या.

बारा तारखेची बैठक झाली नाही. गणपूर्तीला पाचांत तिघे हवेत आणि तिघे तुरुंगात. मार्चची बैठकही झाली नाही. आठ एप्रिलला झाली, तेव्हा अध्यक्ष अण्णा सुटून आठवडा झाला होता. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, असलेले हे अण्णा तुरुंगात वाळले होते, दाढी तशीच होती. मी त्रेचाळीस नावांची यादी वाचली, प्रत्येक नावापुढची रक्कम वाचली, आणि सरूबाईंचे काय झाले तेही सांगितले. अण्णांनी वही मागितली आणि शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत पाहिला.

"अकरावा नियम कशाला लिहिला होतास रे? वहीला शोभा म्हणून?"

मी वही मिटायला हात पुढे केला, त्यांनी ती सोडली नाही.

"बाहेर माणसं गोळ्या खात होती आणि तू आत बसून शिक्के मारत होतास," ते म्हणाले. मग वही माझ्याकडे सरकवून, "मी असतो तर थांबवलं असतं असंही नाही म्हणत. पण तू होतास ना."

नवी खूण आली की त्रेचाळीसही खाती उघडावीत, असा ठराव त्याच दिवशी झाला. बेचाळीस जणांनी नव्या खुणा दिल्या. सरूबाई मुंबईत नव्हत्या. मी गावी पत्र टाकले. तिथल्या शाळामास्तरांच्या हातचे उत्तर आले: बोटीच्या भाड्याला पैसे नाहीत, मनीऑर्डर करावी. पण नवी खूण सभासदाने स्वतः पेढीत येऊन द्यायची आणि रक्कम पेढीतच द्यायची, असे आमचे पोटनियम. ते बदलायला वार्षिक सभा लागते. छप्पनची सभा आंदोलनात राहिली. सत्तावन्नची गणपूर्तीअभावी दोनदा पुढे गेली. अठ्ठावन्नच्या मार्चमध्ये एकदाची झाली. पोटनियम बदलले, सातवा नियमही बदलला: मुदत संपण्याआधी सभासदाला तोंडी सांगितल्याशिवाय खाते बंद करायचे नाही, आणि कोणी, कोणत्या दिवशी सांगितले ते लिहायचे. बंद खात्याला व्याज नसते, पण या खात्याला रक्कम हाती पडेपर्यंतचे व्याज द्यावे, असा वेगळा ठराव मी मांडला. एकाने विचारले, "एकालाच का?" मी कारण सांगितले. सवलतीच्या रकान्यात पहिली ओळ आली आणि त्यापुढे माझी सही.

मनीऑर्डर मी केली नाही. मे महिन्यात, बोटी बंद व्हायच्या आत, स्वतःच्या खर्चाने मालवणला गेलो. तिथून सहा मैल चालत. सरूबाई भावाच्या अंगणात आमसुलं उन्हात घालत होत्या. बारीक झाल्या होत्या. पुढे होऊन त्यांनी पाणी दिले, भावजयीला चहा ठेवायला सांगितले, आणि सांगताना "वयनी, जमात तर" असे म्हणाल्या. लालबागेत चौदा माणसांना त्या 'बस, जेव, ऊठ' एवढेच बोलत असत.

आणे जाऊन नये पैसे आले होते. मी हिशेब वाचून दाखवला: मुद्दल चारशे बारा रुपये पन्नास नये पैसे, व्याज दर साल दर शेकडा तीनप्रमाणे सत्तावीस रुपये चौऱ्याऐंशी, एकूण चारशे चाळीस रुपये चौतीस नये पैसे. खूण विचारली नाही. नोटा त्यांच्यासमोर ठेवल्या. मला काहीतरी बोलायचे होते, बोटीत ते पाठही केले होते. "माझी चूक झाली, सरूबाई," एवढेच आले.

त्यांनी मान हलवली. हो म्हणाल्या की असू दे म्हणाल्या, ते कळले नाही.

"आता मुंबईत खोली..." मी सुरुवात केली.

"चारशात? आता?" त्या म्हणाल्या. खरे होते. त्याच चाळीत पागडी हजारावर गेली होती, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होते.

मग त्यांनी मला विचारले, "मास्तरांनू, छप्पनच्या मार्चपासून ह्या मेपर्यंत किती महिने झाले?"

"सत्तावीस."

"मुंबैत मी वीस घेय. हंयसर भात घरचो, पंधरा धरा. किती झाले?"

"चारशे पाच," मी म्हटले, आणि म्हटल्यावर मला कळले की त्या कशाचा हिशेब करत आहेत.

त्यांनी नोटा मोजल्या आणि आत जाऊन भावजयीपुढे ठेवल्या. भाऊ ओटीवरून ओरडला, "अगो, तुझ्याकडे मागल्यानी कोणी?"

"मागूक नाय कोणी, म्हणानच देतंय," सरूबाई म्हणाल्या. "सत्तावीस महिने जेवलंय."

भावजय नको म्हणाली नाही. तिने पैसे मोजून घेतले.

पावतीवर सरूबाईंचा अंगठा घेतला. पूर्ण रक्कम खातेदारास रोख दिली, असे पेढीच्या वहीत लिहिले आणि खाते बंद केले. माझ्या डायरीत त्या दिवशीची नोंद निराळी आहे: भावजयीस जेवणाबद्दल चारशे पाच. सरूबाईंजवळ राहिले पस्तीस रुपये चौतीस नये पैसे.